ड्रॉइंग वाचता तसा करारही वाचा

पिंपरी-चिंचवडमधल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय-पंचसारखी टूल्स बनवायच्या विभागात, मी ३३ वर्षं काढली. फिटर म्हणून लागलो, दोनदा युनियनच्या कमिटीवर निवडून आलो आणि शेवटची काही वर्षं ट्रेड टेस्ट, म्हणजे भरतीची हातकामाची परीक्षा, घ्यायला बसलो. आयटीआय करून अशा कंपनीत जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

आधी इंटरव्ह्यू. तोंडी प्रश्न बहुतेक अगदी पायाचे असतात आणि मुलं तिथंच अडखळतात. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२ मिमी हे सगळे सांगतात; "तो कसा आला?" विचारलं की गप्प. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिमीचे व्हर्नियरवर ५० भाग केलेले असतात, म्हणून एका भागात ०.०२ चा फरक पडतो. हे कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे. एम १० चा टॅप मारायचा, म्हणजे १० मिमीच्या बोल्टसाठी भोकात आटे पाडायचे, तर ड्रिल कितीचं? पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५; ते दहातून वजा केलं की ८.५. एच ७ – जी ६, म्हणजे भोक एच ७ आणि शाफ्ट जी ६, तर शाफ्ट सैल की घट्ट? सैल, पण बेताचा. ड्रॉइंग हातात दिलं की आधी कोपऱ्यातला टायटल ब्लॉक वाचा: मटेरियल, स्केल, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (दृश्यं मांडायची पद्धत). थेट मापांवर उडी मारणारा मुलगा मला लगेच कळायचा.

ट्रेड टेस्टला बऱ्याचदा एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) दोन पट्ट्या देऊन मेल-फिमेल फिटिंग, म्हणजे एकीचा उंचवटा दुसरीच्या खाचेत बसवायला, सांगतात. हॅकसॉ घेण्याआधी एक कड फाइलने (कानशीने) सरळ करा, ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून उजेडाकडे धरा आणि त्याच कडेवरून मार्किंग करा. वेळ संपत आली तर जॉब अर्धा राहू द्या, पण माप चुकवू नका. मी अर्ध्या, पण काटकोनात असलेल्या जॉबला पूर्ण पण वाकड्या जॉबपेक्षा जास्त मार्क दिलेत. फाइलवर फाइल ठेवू नका. मूठ नसलेली फाइल दिली तर मूठ मागून घ्या. मागितल्याचा राग कुणाला येत नाही, उलट सुरक्षिततेची जाण दिसते.

"युनियनबद्दल काय वाटतं?" असंही कुणी विचारील. घाबरू नका, भाषणही करू नका. "आधी काम शिकेन, युनियनचे आणि कंपनीचे नियम समजून घेईन," एवढं खरं उत्तर पुरतं.

आता नेमणूकपत्र. त्यावरचा एक शब्द तुमची पुढची कित्येक वर्षं ठरवतो. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्यात शिकाऊ उमेदवाराला कामगार धरलेलं नाही. त्याला स्टायपेंड मिळतो आणि तो युनियन-कंपनीच्या वेतनकरारात बसत नाही. ट्रेनी, टेम्पररी, प्रोबेशनर, कंत्राटी, परमनंट हे सगळे एकाच लाइनवर उभे असतात, पण प्रत्येकाचा कागद वेगळा. आपला कोणता, हे सही करण्याआधी विचारा.

आत गेलात की पहिल्या महिन्यात चालू वेतनकराराची प्रत मिळवा. सर्वात जास्त मी हेच सांगेन. मुलं पगारवाढीचा आकडा बघतात आणि पुस्तिका मिटतात. पण त्याच करारात उत्पादनाचे नॉर्म्स (किती काम काढायचं ते) असतात, बदलीची कलमं असतात, एका माणसानं किती मशिन चालवायची हे असतं. युनियननं मागणीपत्र देण्यापासून सही होईपर्यंत कधी वर्ष उलटतं, म्हणून करार मागच्या कोणत्या तारखेपासून लागू आहे तेही बघा. फरकाची रक्कम त्यावर ठरते. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळतो की नाही, हे पगारपत्रकावर स्वतः मोजा.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक पंच (पत्र्याला भोक पाडायचं टूल) खराब झाला आणि मला मेमो, म्हणजे जाब विचारणारं पत्र, मिळाला. रागाच्या भरात मी दीड पान उत्तर लिहिलं. कमिटीतल्या एका ज्येष्ठ फिटरनी ते वाचून फाडलं आणि म्हणाले, "तारीख, शिफ्ट, मशिन नंबर, तुला मिळालेल्या ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर. एवढंच लिही." रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती, जुनी निघाली. नवं ड्रॉइंग शॉपवर पोचलंच नव्हतं. मेमो मागे घेतला गेला. तेव्हापासून खिशात एक छोटी वही असायची.

तुम्हाला मेमो आला तर मुदतीत लेखी उत्तर द्या आणि प्रतीवर पोच घ्या. चार्जशीट (आरोपपत्र) असेल तर चौकशीला एकटे जाऊ नका, प्रतिनिधी मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका, समोर कितीही ओळखीचा साहेब असो.

युनियनची वर्गणी भरता तर गेट मीटिंगलाही (कंपनीच्या गेटवरच्या युनियनच्या सभेलाही) थांबा. कमिटीवाल्याला काम पडल्यावरच गाठणारे खूप असतात. कॅंटीनमध्ये कंत्राटी मुलगा शेजारी बसला तर त्याला नावानं हाक मारा. तो तुमच्याइतकाच घाम गाळतो आणि पगार कितीतरी कमी घेतो. मी कमिटीवर असताना त्यांच्यासाठी पुरेसं भांडलो नाही, याची खंत आजही आहे.

पहिलं नेमणूकपत्र, प्रत्येक बढतीचा कागद, पगारपत्रकं एका फाइलीत लावत जा. ग्रॅच्युइटी शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६ अशी निघते. माझ्या हिशोबात एक वर्ष कमी धरलं होतं. मी पिवळं पडलेलं जुनं पत्र टाइम ऑफिसच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच दुपारी आकडा दुरुस्त झाला.