कपाशीच्या शेताचा निळा छाप

सायनोटाइप म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर फोटोचा निळा छाप उमटवायची पद्धत. त्याचं मिश्रण अगदी सोपं: 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. लावायच्या वेळीच दोन्ही समभाग मिसळा. हातमोजे घालून जाड ड्रॉइंग पेपरवर पातळ हात फिरवा, अंधाऱ्या खोलीत वाळवा. पावसाळ्यात असा कागद साठवू नका, दमटपणाने आपसूक निळा पडतो.

शेताचा फोटो आधी कृष्णधवल, मग निगेटिव्ह (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) करून ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर छापा. भरदुपारचं पांढरं आभाळ निगेटिव्हमध्ये गच्च काळं होतं आणि छापात निव्वळ कोरा कागद उरतो. त्यापेक्षा ढग भरून आलेल्या दिवसाचा फोटो बरा.

निगेटिव्ह मिश्रण लावलेल्या कागदावर ठेवून काचेखाली घट्ट दाबा, नाहीतर पऱ्हाटीच्या काड्या पुसट येतात. किती वेळ ऊन लागतं हे कळायला आधी त्याच कागदाच्या पट्ट्या 3, 5, 8, 12 मिनिटं उन्हात ठेवून पाहा. निगेटिव्हबाहेरची कड निळी होऊन राखाडी-खाकी दिसू लागली की उचला.

खरा घोळ धुताना होतो. बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त, त्यात निळाई फिकी पडते. पहिल्या लिटरभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, मग पिवळेपणा जाईस्तोवर साध्या पाण्यात धुवा. साबण, सोडा अजिबात नको.