साईट बिघडलीय की आपलंच एक्स्टेन्शन आडवं आलंय? कसं शोधायचं

परवा रात्री लाईट बिल भरायला बसलो, पे नाऊ दाबलं तर काहीच नाही, परत दाबलं, परत काहीच नाही, चार वेळा रिफ्रेश मारला, वायफाय बंद-चालू केलं, साईटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या आणि शेवटी मोबाईलवरून भरलं तर दोन मिनिटांत काम झालं. साईट बिचारी बरी होती. आठवड्यापूर्वी मीच हौसेने ब्राउझरमधे टाकलेलं पॉप-अप ब्लॉकर नावाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) पेमेंटची विंडो उघडूच देत नव्हतं.

तर पहिली खूण हीच. अँड्रॉइडच्या क्रोममधे एक्स्टेन्शन नसतातच, त्यामुळे साईट फोनवर चालते आणि लॅपटॉपवर अडते असं झालं की आधी एक्स्टेन्शनवर संशय घ्यायचा.

मग सगळे सांगतात तसं इन्कॉग्निटो म्हणजे खासगी विंडो उघडून बघा, क्रोममधे कंट्रोल-शिफ्ट-एन. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेन्शन चालत नाहीत. पण इथे एक गोम आहे जी फारसं कोणी सांगत नाही, इन्कॉग्निटोमधे जुन्या कुकीजही (साईटने तुमच्या ब्राउझरमधे ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात, म्हणजे तिथे साईट चालली तर दोष एक्स्टेन्शनचा का सडलेल्या कुकीचा ते कळत नाही. फायरफॉक्सवाल्यांची सोय बरी आहे, हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे, त्यात अ‍ॅड-ऑन (एक्स्टेन्शनचंच तिकडचं नाव) बंद होतात आणि कुकीज जागेवर राहतात. क्रोममधे मात्र नेहमीच्याच विंडोत एक्स्टेन्शन बंद करून बघावं लागतं.

त्यासाठी वर उजवीकडे पझलच्या तुकड्यासारखं चिन्ह आहे, त्यात मॅनेज एक्स्टेन्शन्स. समजा बारा आहेत (हसू नका, मोजून बघा आपापली), तर एकेक करत बसू नका, सहा बंद करा आणि पेज रीलोड करा. चाललं तर चोर त्या सहांत, नाही चाललं तर उरलेल्या सहांत, मग त्यातली निम्मी, परत निम्मी, जास्तीत जास्त चार फेऱ्यांत सापडतो. रीलोड विसरू नका, एक्स्टेन्शनने आधीच उघडलेल्या पेजमधे जे काही घुसवलंय ते नुसतं बंद करून निघत नाही. आणि रिमूव्ह नाही, फक्त ऑफ, नाहीतर सेटिंग्ज उडतात. एवढं करूनही चोर सापडला नाही तर दोघं मिळून गोंधळ घालत असतील, दोन अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन) एकत्र ठेवणाऱ्यांनी तर तिथूनच सुरुवात करावी.

लक्षणांवरूनही अंदाज येतो. बटण मेलेलं, व्हिडिओ नुसता गोल फिरतोय, कॅप्चा दिसतच नाही, तर बहुतेक अ‍ॅडब्लॉकर किंवा स्क्रिप्ट अडवणारं काहीतरी. काळ्यावर काळी अक्षरं दिसली तर डार्क मोडवालं. फॉर्ममधे टाईप करताना कर्सर उड्या मारतोय तर स्पेलिंग तपासणारं, आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन चालू राहतं, ईमेलच्या रकान्यात देवनागरी जाते आणि फॉर्म इनव्हॅलिड इनव्हॅलिड करत बसतो. अगदी खात्री हवी असेल तर एफ१२ दाबून कन्सोल (पेजच्या चुका जिथे दिसतात ती खिडकी) बघा, तिथे लाल अक्षरांत 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' अशी ओळ दिसली की समजायचं, तुमच्याच ब्राउझरमधल्या कोणीतरी काहीतरी अडवलंय.

सापडल्यावर रागाच्या भरात उडवू नका, तेवढ्या साईटपुरती सूट द्या. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमधे मोठं पॉवरचं बटण आहे, ते दाबून रीलोड केलं की फक्त त्या साईटवर बंद. (क्रोममधे आता यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, त्याचं लाईट व्हर्जन घ्यावं लागतं, फायरफॉक्समधे मूळ आहे अजून.) बाकीच्यांसाठी क्रोममधे एक्स्टेन्शनच्या डिटेल्समधे साईट अ‍ॅक्सेस बघा, तिथे ऑन क्लिक ठेवलं की तुम्ही बोलावल्याशिवाय ते कुठे लुडबूड करत नाही. मी कूपन शोधणारं आणि स्क्रीनशॉटवालं असंच ठेवलंय.

जे वर्षभरात वापरलंच नाही ते मात्र खरंच काढून टाका. द ग्रेट सस्पेंडर नावाचं लाखो लोकांचं लाडकं एक्स्टेन्शन होतं, मूळ मालकाने ते दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मधे मालवेअर म्हणून गूगलने काढलं. आपण टाकलं तेव्हा चांगलं होतं याला काही अर्थ नाही.

सगळी एक्स्टेन्शन बंद करूनही साईट हटून बसली असेल तर त्या एका साईटच्या कुकीज पुसा, परत लॉगिन करावं लागेल तेवढंच, आणि फायरफॉक्स असेल तर अ‍ॅड्रेसबारमधली ढाल बघा, ते अ‍ॅड-ऑन नव्हे पण ट्रॅकर (तुमचा माग ठेवणाऱ्या गोष्टी) अडवताना कधीकधी साईटही मोडते. आणि हे सगळं पेमेंटच्या पेजवर करत असाल तर प्रत्येक वेळी परत बटण दाबायच्या आधी बँकेचा मेसेज बघा, पैसे कापले गेलेत का ते.