हशाची नोंद कशी ठेवावी: ‘डम्ब अँड डम्बर’ लोकांसमोर लावताना

सिनेमा संपल्यावर “कसा वाटला?” असं विचारलं की या सिनेमाबद्दल खरं उत्तर क्वचितच मिळतं. दोन तास पोट धरून हसलेला माणूससुद्धा दिवे लागल्यावर “ठीक होता, जरा बालिश आहे” म्हणतो. घसरणं, आपटणं, पोट बिघडणं यावर आपण हसलो हे चारचौघांत कबूल करायला लोक लाजतात. म्हणून प्रतिक्रिया टिपायची ती हशा पिकतो त्याच क्षणी. फिल्म क्लब चालवणाऱ्यांना, शॉर्टफिल्म करणाऱ्यांना आणि एकांकिकेत विनोद लिहिणाऱ्यांना या नोंदीतून पुष्कळ शिकता येतं. त्यासाठी १९९४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत आलेल्या या सिनेमाइतका चांगला नमुना सापडणं अवघड आहे. जिम कॅरीचा लॉइड आणि जेफ डॅनियल्सचा हॅरी हे दोन बिनडोक मित्र एका बाईची बॅग परत करायला प्रॉव्हिडन्सहून अ‍ॅस्पेनला निघतात. कथा एवढीच असल्यामुळे लोक कथेसाठी हसले की विनोदासाठी, असा घोळ होत नाही.

आधी कोणती प्रत लावणार ते ठरवा. थिएटरमध्ये लागलेली प्रत १०७ मिनिटांची आहे. नंतर डिस्कवर आलेली वाढीव प्रत साधारण ११३ मिनिटांची असून तिच्यातले काही प्रसंग जास्त चावट आहेत. घरातली मोठी माणसं आणि मुलं एकत्र बसणार असतील तर थिएटरचीच प्रत घ्या. तिलाही अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र होतं, हे आई-वडिलांना आधी सांगून ठेवा. आणखी एक अडचण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाल (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतो, त्यामुळे १०७ मिनिटांचा सिनेमा १०३ मिनिटांच्या आत संपतो. ब्लू-रे पाहून केलेला वेळेचा तक्ता अशा डीव्हीडीला लावला तर शेवटाकडे चार मिनिटांचा फरक पडतो आणि सगळी नोंद भलत्याच प्रसंगांसमोर जाते. ज्या प्रतीवर तक्ता केलात तीच प्रत लावा. आणि घराबाहेर, सभागृहात लोक बोलावून दाखवणार असाल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आधी घ्या.

माणसं १२ ते २० असावीत. आठांपेक्षा कमी असली की प्रत्येकाला आपलं हसणं वेगळं ऐकू येतं आणि तो आवरतं घेतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाला माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट जास्त चारचौघांत हसतो, असं आढळलं होतं. म्हणजे हशा हा अर्धा त्या खोलीचा असतो. खुर्च्या खेटून मांडा, मध्ये एकही रिकामी ठेवू नका, उरलेल्या खोलीबाहेर काढा. १५ माणसं ४० खुर्च्यांत विखुरली तर हाच सिनेमा पडतो आणि दोष विनाकारण सिनेमाला लागतो.

आवाज माणसं बसल्यावर लावा. रिकाम्या खोलीत बरोबर वाटलेला आवाज माणसं भरल्यावर दबतो. पंखे किंवा एसी चालू ठेवून शेवटच्या रांगेत संवाद स्पष्ट ऐकू येईल इतका आवाज करा आणि त्यावर आणखी दोन घरं वाढवा. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. सिनेमाला थांबता येत नाही. हशा लांबला की पुढचं वाक्य त्यात बुडतं, मग त्या वाक्यावर कोणी हसलं नाही अशी चुकीची नोंद होते. अशा जागी तक्त्यात ‘बुडालं’ असंच लिहा, शून्य देऊ नका. अमेरिकन विनोदी नट मार्क्स बंधूंनी १९३५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’मधले प्रसंग चित्रीकरणाआधी गावोगावच्या रंगमंचांवर करून पाहिले आणि हशा किती सेकंद टिकतो ते स्टॉपवॉचने मोजलं, ते याच अडचणीवर उपाय म्हणून.

इंग्रजी सबटायटल लावावीत का? श्रोत्यांना अमेरिकन उच्चार सहज कळत असतील तर लावू नका. वाचणारा नटाच्या आधी विनोदापाशी पोचतो, ऐकणारा नंतर, आणि एका मोठ्या हशाचे दोन लहान तुकडे होतात. पण निम्म्या लोकांना उच्चार कळत नसतील तर सबटायटल हवीतच, आणि तसं तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. सबटायटल लावलेल्या आणि न लावलेल्या खेळांची तुलना करू नका.

नोंदीला दोन माणसं लागतात. त्यांनी सिनेमा आधी किमान दोनदा पाहिलेला असावा, नाहीतर तेच हसत बसतात आणि कागद कोरा राहतो. त्यांना पडद्याच्या दोन्ही बाजूंना, खाली, प्रेक्षकांकडे तोंड करून बसवा. हातात छोटा टॉर्च आणि पुठ्ठ्याला लावलेला तक्ता असू द्या. तक्त्यात आधीच ३५-४० जागा वेळेसकट लिहून ठेवायच्या, म्हणजे आयत्या वेळी फक्त आकडा टाकायचा. आकडे असे: ० म्हणजे शांत, १ म्हणजे नुसतं स्मित, २ म्हणजे दोघा-चौघांचं खुदकन हसणं, ३ म्हणजे खोलीभर हशा, ४ म्हणजे टाळ्या, मांडीवर थापा, शेजाऱ्याला ढकलणं. आकड्याशेजारी सेकंद लिहा. शिवाय तीन अक्षरं ठेवा: ‘ई’ शिसारीसाठी, ‘अ’ कळवळ्याच्या ‘अरेरे’साठी आणि ‘मो’ कोणी मोबाईल काढला तर. एका प्रसंगाला ‘ई’ आणि ३ दोन्ही मिळू शकतात. या सिनेमात तसं वारंवार होतं.

मदतीला एक फोन ध्वनिमुद्रणासाठी ठेवा, पण स्पीकरपासून दूर, प्रेक्षकांच्या पायांजवळ. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे नंतर वेळ जुळवता येते. मुद्रण होणार हे सगळ्यांना आधी सांगा, कोणी नको म्हटलं तर करू नका, आणि तक्ता पूर्ण झाल्यावर ते पुसून टाका.

आता मुख्य भाग, तक्त्यातल्या जागा. सगळे विनोद एका मापाने मोजले तर काहीच हाती लागत नाही. पडणं-आपटणं लगेच हसवतं आणि लगेच विझतं. बोलण्यातला मूर्खपणा एक-दोन सेकंद उशिरा पोचतो. आणि काही विनोद दोन-तीन टप्प्यांत येतात, त्यांचे टप्पे वेगळे नोंदवावे लागतात.

मेलेल्या पोपटाचं उदाहरण घ्या. हॅरीचा पक्षी मरतो, त्याचं मुंडकं गळालेलं असतं. इथे बहुधा ‘ई’ किंवा शांतता मिळते. पुढे प्रवासात लॉइड सांगतो की पैशांसाठी त्याने शेजारच्या अंध मुलाला काही वस्तू विकल्या, आणि त्यात तो पक्षीही होता. मग तो मुलगा चिकटपट्टीने मुंडकं जोडलेल्या पक्ष्याला मायेने कुरवाळताना दिसतो. हशा फुटतो तो इथे, आणि तो अपराधी हशा असतो: लोक तोंडावर हात ठेवतात, एकमेकांकडे बघतात. समीक्षक रॉजर एबर्टने सिनेमाला चारपैकी दोनच तारे दिले, पण या पोपटावर आपण लाज वाटावी इतक्या मोठ्याने हसलो हे त्याने लिहून ठेवलं. तोंडावर गेलेले हात मोजा. आकड्यापेक्षा ती खूण जास्त सांगते.

आडनावाचा प्रसंग ऐकण्यातला आहे. बॅगेची मालकीण मेरी हिचं आडनाव आठवताना लॉइड चुकीच्या नावांच्या ओघात खरं ‘स्वॉन्सन’ही बोलून जातो, मग बॅगेवरचं ‘सॅमसोनाइट’ वाचून आपण किती चुकलो होतो म्हणतो. बॅगांची ही कंपनी आपल्याकडे घरोघर माहीत असल्यामुळे दुसरा भाग पोचतो. मात्र ‘स्वॉन्सन’ ओझरतं येतं आणि निसटतं. इथे ३ च्या जागी २ आला तर तो ऐकण्यातला तोटा समजा.

रस्ता चुकण्याचा प्रसंग नकाशा माहीत असल्याशिवाय अर्धाच कळतो. रात्री लॉइड उलट दिशेला गाडी हाकतो, सकाळी हॅरी उठतो तर रॉकी पर्वताऐवजी सपाट माळरान. सिनेमाआधी अर्धा मिनिट पडद्यावर अमेरिकेचा नकाशा दाखवा: प्रॉव्हिडन्स पूर्व किनाऱ्याला, अ‍ॅस्पेन कोलोरॅडोच्या डोंगरांत, मधलं अंतर तीन हजार किलोमीटरांहून जास्त. यापुढे एक शब्दही बोलू नका. नकाशा दाखवणं म्हणजे प्रेक्षकाला तयार करणं. विनोद समजावून सांगितलात तर तो तिथेच मेला.

तसंच जीभ चिकटण्याचं. हॅरीची जीभ बर्फातल्या लोखंडी दांड्याला चिकटते. कडाक्याच्या थंडीत धातू जिभेची उष्णता झटकन ओढून घेतो आणि लाळ तिथेच गोठते. थंड देशातल्या प्रेक्षकाला हे लहानपणापासून ठाऊक असतं, दांडा दिसताच तो हसू लागतो. कोल्हापूर-नाशिकच्या प्रेक्षकात आधी “काय झालं?” अशी कुजबूज होते आणि हशा ओढाताणीवर येतो. दोन्ही क्षणांची वेळ लिहा. मिरचीच्या प्रसंगाचं मात्र उलट आहे. जीभ पोळल्यावर माणसाचं काय होतं हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. दोघं तोंडात केचप ओतू लागतात तिथेच खोली उठते. त्याच प्रसंगात पुढे मिरची खाल्लेला गुंड उंदराच्या विषाच्या गोळ्यांनी मरतो आणि हशा कापल्यासारखा थांबतो. किती सेकंदांनी परत येतो ते मोजा.

जुलाबाच्या प्रसंगाची नोंद करताना पडद्याकडे अजिबात पाहू नका. मुलं ४ देतात, आजी-आजोबा मान खाली घालतात आणि खांदे मात्र हलत असतात. हलणारे खांदे ३ धरा.

सगळ्यात महत्त्वाची जागा छोट्या मोटारसायकलची. रस्ता चुकल्यावर हॅरी चिडून पायी निघतो, आणि लॉइड कुत्र्यासारखी दिसणारी गाडी देऊन बदल्यात एक चिमुकली बाईक घेऊन येतो. हॅरी रागाने बोलायला लागतो आणि वाक्याच्या शेवटी माफ करून टाकतो. इथे लोकांनी टाळ्या दिल्या तर ते या जोडीच्या बाजूने आहेत आणि शेवटपर्यंत राहतील. नुसतं २ मिळालं तर पुढे अ‍ॅस्पेनमधले मोठे प्रसंगही एक-एक घर खाली मिळतील. प्रेक्षक आतापर्यंत मूर्खपणाला हसत होते, या जागी ते मैत्रीला हसतात. विनोद लिहिणाऱ्याने या जागेची नोंद तीनदा वाचावी.

आपलं जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक एवढीच आहे असं मेरी सांगते तेव्हा लॉइड आधी गप्प राहतो, मग ‘म्हणजे संधी आहे तर’ अशा अर्थाचं बोलतो. हशा त्या शांततेत सुरू झाला की त्याच्या वाक्यानंतर, हे लिहा. शेवटच्या प्रसंगात मुलींची बस या दोघांपाशी थांबते आणि ते चालून आलेली संधी सोडतात, तेव्हा लोक पडद्याशीच बोलतात, “अरे मूर्खांनो, बसा ना!” हे उद्गार शब्दशः टिपा.

मध्यंतर शक्यतो नको. द्यायचंच असेल तर दोघं बाईकवरून निघाल्यावर द्या. परतल्यावर पहिली पाच मिनिटं हशा कमीच असतो, त्या वेळेतल्या आकड्यांना कंस करा. चिवडा, वेफर्स मध्यंतरातच वाटा, कुरकुरीत खाणं मुद्रणात हशासारखंच ऐकू येतं. सिनेमा पाठ असलेला एखादा असतोच, तो संवाद आधी म्हणतो आणि शेजारच्या चौघांचा हशा खातो. त्याला मागच्या रांगेत कडेला बसवा. यजमानांनी आधी हसू नये आणि “हसून हसून मराल” अशी जाहिरातही करू नये, त्याने लोक हात बांधून बसतात.

दिवे लावण्याआधीच प्रत्येकाच्या हातात कार्ड आणि पेन द्या, आणि पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही असं सांगा. एकाने “बालिश” म्हटलं की दहा कार्डांवर “बालिश” येतं. कार्डावर पाच पायऱ्या ठेवा: उत्कृष्ट, खूप चांगला, चांगला, बरा, वाईट. हॉलिवूडच्या चाचणी खेळांत वरच्या दोन पायऱ्यांची बेरीज पाहतात. १८ पैकी १४ जणांनी त्या दोन दिल्या तर ७८ टक्के झाले. खाली चार प्रश्न पुरेत: पहिला आठवणारा प्रसंग कोणता, कुठे कंटाळा आला, कुठे नकोसं वाटलं, मित्राला पाहायला सांगाल का.

दुसऱ्या दिवशी तक्ता आणि कार्डं शेजारी ठेवा. दर दहा मिनिटांत ३ आणि ४ किती आले ते मोजून रेघ काढा. ज्या प्रसंगाला तक्त्यात ४ आहे पण कार्डावर ‘नकोसं’ लिहिलंय, तिथे थांबा. पोपट आणि जुलाब बहुधा तिथेच सापडतील. पुढचा खेळ वेगळ्या वयाच्या लोकांसाठी लावा, पण प्रत, आवाज आणि खुर्च्यांची मांडणी तीच ठेवा, आणि नोंद करणारी दोन माणसंही तीच.