जुन्या विनोदी सिनेमांवर माहितीपट करताय? या चुका टाळा

जुन्या विनोदी सिनेमावर माहितीपट करायचा ठरला की बहुतेक जण आधी माणसं शोधायला निघतात. कोण बोलेल, कोण आठवणी सांगेल, कोणाचा चेहरा पोस्टरवर शोभेल. नागपुरातली मास कॉमची मुलं आपले कच्चे एडिट मला दाखवायला आणतात, तेव्हा त्यात बाकी सगळं असतं आणि नेमका विनोद नसतो. सिनेमा किती थोर होता हे दहा जण सांगून जातात. तो प्रसंग कसा रचला, कोणत्या नटामुळे जमला, आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे मात्र पडद्यावर दिसत नाही. या विषयाला हात घालणाऱ्यानं हे काम दाखवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हशा येण्याआधीच कापणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. आठ सेकंदांची क्लिप लावायची, तिच्यावर निवेदन चालू ठेवायचं, खाली हलकंफुलकं संगीत घालायचं आणि लगेच एखादे ज्येष्ठ समीक्षक म्हणणार, "काय टायमिंग होतं!" प्रेक्षकाला ते टायमिंग दिसलेलंच नसतं. विनोदात गंमत थांबण्यात असते आणि एडिटमध्ये नेमकी तीच थांबण्याची जागा आधी कापली जाते.

क्लिप घ्यायची तर प्रसंगाची बांधणी, थांबणं, फजिती आणि समोरच्याचा चेहरा एवढं सगळं घ्या. मूळ आवाज ठेवा, त्यावर कुणालाही बोलू देऊ नका. लांबी वाढत असेल तर मुलाखती कापा. तपासायची पद्धत सोपी आहे: ज्यानं तो सिनेमा पाहिलेला नाही अशा माणसाला नुसती क्लिप दाखवा. तो हसला नाही, तर बहुतेक वेळा कापण्याची जागा चुकलेली असते.

हे काम कसं करावं याचा उत्तम नमुना म्हणजे केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांची १९८३ची तीन भागांची मालिका ‘अननोन चॅप्लिन’. चॅप्लिननं बाजूला टाकलेलं फुटेज त्यांच्या हाती आलं. त्यांनी चित्रीकरणाच्या पाट्यांवरचे टेकचे (कितव्यांदा केलेलं चित्रण ते सांगणारे) आकडे पाहून ते क्रमानं लावलं आणि विचार करणारा माणूस पडद्यावर दिसू लागला. ‘द इमिग्रंट’ (१९१७) आज आपण बोटीवरच्या स्थलांतरितांची गोष्ट म्हणून पाहतो, पण चित्रीकरण सुरू झालं ते हॉटेलातल्या प्रसंगापासून. बोट नंतर आली. वेटरचं काम आधी हेन्री बर्गमन करत होता. त्याच्या जागी धिप्पाड एरिक कॅम्पबेल आला आणि खिशात पैसे नसलेल्या चार्लीची भीती खरी वाटायला लागली. चॅप्लिन प्रतिभावान होता हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे असे टाकलेले टेक क्वचितच हाती लागतात. म्हणून हताश होऊ नका. संहितेची प्रत, चित्रीकरणाच्या वेळचे फोटो, गाण्यांची पुस्तिका यांतूनही बरंच निघतं. आणि एक मोठा खजिना आपण लाजेनं झाकून ठेवतो: एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या भाषांतल्या आवृत्त्या. ‘धुमधडाका’ (१९८५) ज्या हिंदी ‘प्यार किये जा’वरून (१९६६) आला, तो स्वतः तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’वरून (१९६४) घेतलेला होता. सिनेमाचं वेड लागलेला मुलगा आणि पैसेवाला बाप ही जोडी तमिळमध्ये नागेश आणि बालय्या, हिंदीत मेहमूद आणि ओम प्रकाश, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर. तिघांचं काम शेजारी शेजारी लावून पाहा. लक्ष्यानं स्वतःचं काय आणलं ते तिथे दिसतं. मराठी अभिमानापोटी मूळ सिनेमाचं नाव गाळणारा माहितीपट आपल्याच नटाचं श्रेय कमी करतो.

ऐकीव गोष्टीला पुरावा समजणं

‘सेफ्टी लास्ट’मध्ये (१९२३) घड्याळाला लोंबकळणारा मूकपटांतला विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड सगळ्यांना माहीत असतो. "सगळं खरंच केलं, कुणी डमी नव्हता" हे वाक्यही ठरलेलं. खरी हकिकत याहून रंजक आहे. भिंतीचा सेट इमारतींच्या गच्चीवर उभारला होता आणि खालचा रस्ता दिसेल, गच्ची दिसणार नाही अशा कोनातून कॅमेरा लावला होता. लांबून दिसणारं चढणं बिल स्ट्रॉदर या इमारती चढणाऱ्या कलाकाराचं आहे. आणि जवळच्या दृश्यांत जो लॉइड आहे, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट १९१९च्या अपघातात गेलं होतं. खास हातमोजा घालून तो हे करत होता. दंतकथा खोडल्यानं त्याचं धैर्य कमी होत नाही, उलट नीट कळतं.

घरचं उदाहरण ‘गुळाचा गणपती’ (१९५३). "सब कुछ पु. ल." हे आपण इतक्यांदा ऐकलंय की कुणी श्रेयनामावली थांबवून वाचत नाही. लेखन, संगीत, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका हे सगळं पुलंचं खरंच. पण ‘इंद्रायणी काठी’ गदिमांचं आणि गायलंय भीमसेन जोशींनी. श्रेयनामावली वाचणं हे संशोधनाचं पहिलं पाऊल. ते कुणीही घरबसल्या करू शकतं.

तारखांचा घोळ नागपुरात जास्त होतो. विदर्भ सिनेमाच्या धंद्यात सीपी-बेरार या वेगळ्या सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, मोडायचा. मुंबईत सिनेमा लागला म्हणजे त्याच शुक्रवारी नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) लागला असं धरून चालू नका. त्यात जुने सिनेमे पुन्हा पुन्हा मॅटिनीला यायचे. "काका, केव्हा पाहिला?" असं विचारलं की काका मनापासून साल सांगतात आणि ते दुसऱ्या खेपेचं असू शकतं. त्याऐवजी टॉकीज विचारा: जानकी, पंचशील, सुदामा की लिबर्टी? बरोबर कोण होतं, तेव्हा तुम्ही शाळेत होता की नोकरीत? "अरे बापा, तेव्हा तर माझं लग्नही नव्हतं झालं," असं उत्तर आलं की साल पकडता येतं. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत ‘आजपासून’ची जाहिरात शोधा. सेन्सॉर प्रमाणपत्रावरची तारीख ही प्रदर्शनाची तारीख नसते, हेही ध्यानात ठेवा. आठवण खोटी ठरली तरी ती माहितीपटातून काढू नका. माणसाला काय लक्षात राहिलं, ते त्याच्या तोंडून येऊ द्या. साल तेवढं निवेदनात बरोबर द्या.

कूलर चालू ठेवून मुलाखत

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि परीक्षा संपल्यामुळे मुलं नेमकी तेव्हाच चित्रीकरणाला निघतात. खोलीत कूलर घुमतोय, आजोबा हळू आवाजात बोलतायत, आणि "एडिटमध्ये काढू" असा भरवसा. तो आवाज निघत नाही. सॉफ्टवेअरनं दाबला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

जमेल तर मुलाखती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. उन्हाळ्यातच घ्यायच्या असतील तर सकाळी लवकर जा, खोली आधी गार करून घ्या, कूलर आणि फ्रिज बंद करा आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. मध्ये कूलर पुन्हा लावा. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आपल्या आवाजासाठी उकाड्यात बसवून ठेवणं योग्य नाही. कॉलरचा माइक वापरा, जमिनीवर गादी किंवा चादर टाका, आणि शेवटी रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मुलाखतीचे तुकडे जोडताना तो लागतोच. ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे फिरत असतील तर कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

धावणारी आणि चपटी माणसं

मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात ती मुख्यतः चुकीच्या वेगामुळे. तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचा असे, वेग सेकंदाला १६ फ्रेमच्या आसपास किंवा त्याहून जास्त, सिनेमागणिक वेगळा. ३५ मिमीचं हजार फुटांचं रीळ १६ फ्रेमनं सुमारे १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ नं जेमतेम ११ मिनिटं. चालणाऱ्या माणसाकडे पाहून वेग ठरवा. काही विनोदवीर मुद्दाम थोडं जलद दिसेल असं चित्रण करत, त्यामुळे अगदी नैसर्गिक चालीपर्यंत आणायचा हट्टही नको.

जुनी चौकोनी चित्रं १६:९ मध्ये ताणू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. वर-खाली कापलं तर विनोदी नटाचे पाय जातात, आणि अर्धा विनोद पायांत असतो.

माळ्यावरचं रीळ किंवा कॅसेट लगेच लावून पाहणं

बुरशी धरलेली कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, टेप आणि हेड दोन्ही खराब होतात. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे. प्रोजेक्टरवर चढवू नका, स्कॅन करून घ्या. १९५१च्या आधीचं ३५ मिमीचं रीळ नायट्रेटचं, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचं, असू शकतं आणि ते पेटलं तर पाण्यानंही विझत नाही. असं काही सापडलं तर ते उन्हापासून आणि घरापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

"जुना आहे, आता मोफतच असेल"

संग्रहालयाकडून प्रत मिळाली म्हणजे वापरायचा हक्क मिळाला असं नाही. भारतात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९५३च्या ‘गुळाचा गणपती’ची मुदत २०१३ अखेर संपली. पण शब्द आणि संगीत यांची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असते. गदिमा १९७७ साली गेले, पु. ल. २००० साली. त्यामुळे ‘इंद्रायणी काठी’चे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाल २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

समीक्षेसाठी थोडा भाग वापरायला कायद्याच्या ५२व्या कलमात जागा आहे. पण यूट्यूबची यंत्रणा कलम वाचत नाही, आवाज जुळला की दावा टाकते. म्हणून प्रत्येक क्लिप कुठून घेतली, किती सेकंद, कोणत्या मुद्द्यासाठी, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. दावा आला की हरकत नोंदवताना याच नोंदी लागतात.