बॅच चालली की डेटाबेस बसतो? रॅम वाढवायच्या आधी या चुका टाळा

रात्री दोनला बॅच (एकदम सुटणारे मोठे जॉब) सुटते, सकाळी बघावं तर डेटाबेस मध्येच एकदा रीस्टार्ट झालेला, ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये कनेक्शन तुटल्याच्या एररची रांग आणि बॅच अर्धवट. आमच्याकडे हे सलग चार रात्री झालं आणि चारही वेळा आम्ही एकच गोष्ट केली, बॅच परत सोडली आणि ३२ जीबी रॅमची ६४ करून द्या म्हणून वर मेल टाकला. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग पहिल्याच दिवशी नीट वाचला असता तर पुढच्या तीन रात्रींचं जागरण वाचलं असतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. उदाहरणं पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत कारण रोजचं काम त्याच्यावरच असतं, मायएसक्यूएलमध्ये जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

फक्त डेटाबेसचा लॉग बघणं

पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये एवढंच सापडतं की अमुक पीआयडीची (प्रोसेसच्या नंबरची) सर्व्हर प्रोसेस सिग्नल ९ ने (जबरदस्तीने बंद करायच्या आदेशाने) संपली, किल्ड, आणि लगेच खाली बाकीच्या सगळ्या चालू प्रोसेस बंद करतोय. कोणी मारलं हे डेटाबेसला कळतच नाही. मारतो लिनक्सचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर, मशीनवरची मेमरी संपली की तो एक प्रोसेस निवडतो आणि संपवतो. आता मेली एकच प्रोसेस, मग सगळ्यांची कनेक्शन का तुटली? तर सगळ्या प्रोसेस एकच शेअर्ड मेमरी वापरतात आणि मेलेल्या प्रोसेसने तिथे काहीतरी अर्धवट लिहून ठेवलेलं असू शकतं, म्हणून पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) कोणावरच विश्वास ठेवत नाही, सगळ्यांना बंद करतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो. याच कारणासाठी अडकलेली क्वेरी स्वतःच्या हाताने किल -९ करून कधीही मारू नका, त्यासाठी पीजी_कॅन्सल_बॅकएंड आहे.

तर सगळ्यात आधी डीमेसेज -टी किंवा जर्नलसीटीएल -के चालवा (दोन्ही कर्नलचा लॉग दाखवतात) आणि 'आउट ऑफ मेमरी' शोधा. त्या ओळीच्या वर कर्नल त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसची यादी छापतो, त्यात आरएसएसचा (प्रोसेसने किती रॅम व्यापलीय त्याचा) कॉलम असतो, आकडा पेजेसमध्ये असतो आणि एक पेज साधारणपणे ४ केबीचं. बहुतेक लोक फक्त कोण मेलं ते बघतात आणि ही यादी सोडून देतात, पण खरं निदान तिथेच आहे. एकच प्रोसेस अवाढव्य फुगलीय की मध्यम आकाराच्या पुष्कळ आहेत, यावरून पुढचा रस्ता ठरतो. आमच्या यादीत पोस्टग्रेसच्या १८ प्रोसेस होत्या आणि शेअर्ड बफर्सचा (सगळ्या प्रोसेसच्या सामायिक कॅशचा) भाग सोडला तर प्रत्येक सव्वा जीबीच्या आसपास. एकही राक्षस नाही, पण १८ मिळून साडेबावीस जीबी.

डेटाबेस कंटेनरमध्ये (मशीनवरच्या, स्वतःची मेमरी लिमिट असलेल्या वेगळ्या कप्प्यात) असेल तर अजून एक फसगत होते. फ्री -एच अख्ख्या होस्टची मेमरी दाखवतो, तिथे भरपूर जागा दिसते आणि तुम्ही म्हणता मेमरीचा प्रश्नच नाही, पण कंटेनरची स्वतःची लिमिट संपलेली असते. एक्झिट कोड १३७ दिसला की तो १२८ अधिक ९ आहे, म्हणजे परत सिग्नल ९ च.

वर्क_मेम म्हणजे एका क्वेरीची मेमरी, हा समज

आमचा घोळ इथेच होता. वर्क_मेम म्हणजे सॉर्ट, हॅशसारख्या कामाला डिस्कवर न जाता किती मेमरी वापरता येईल ती सेटिंग. काही महिन्यांपूर्वी एक रिपोर्ट हळू चालत होता म्हणून मी वर्क_मेम डीफॉल्ट ४ एमबीवरून थेट २५६ एमबी केलं होतं, तेही कॉन्फिगमध्ये, सगळ्यांसाठी. रिपोर्ट पळायला लागला आणि तो बदल सगळेच विसरून गेलो.

पण ही लिमिट क्वेरीला नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला (जॉइन किंवा ग्रुपिंगसाठी मेमरीत बांधलेल्या टेबलला) वेगवेगळी असते, पॅरलल वर्कर (एकाच क्वेरीचं काम वाटून घेणाऱ्या जादा प्रोसेस) असतील तर प्रत्येक वर्करला पुन्हा वेगळी, आणि हॅशसाठी पोस्टग्रेस १५ पासून डीफॉल्ट दुप्पट मिळते. आता हिशोब करा. २५६ ची दुप्पट ५१२ एमबी, आमच्या क्वेरीत तीन हॅश म्हणजे एका प्रोसेसला दीड जीबी, दोन वर्कर आणि एक लीडर धरून एका क्वेरीला साडेचार जीबी, आणि बॅच अशा सहा क्वेरी एकदम सोडायची म्हणजे २७ जीबी. शेअर्ड बफर्स ८ जीबी वेगळे. ३२ च्या मशीनवर ३५ जीबी मागितल्यावर ते मरणारच, आणि ६४ केली असती तरी बॅचमध्ये अजून सहा-सात जॉब वाढले की परत तिथेच आलो असतो.

ग्लोबल आकडा लहानच ठेवा आणि ज्या जॉबला खरंच लागतंय त्याने ट्रान्झॅक्शनच्या आत सेट लोकल करून वाढवून घ्यावं. साधं सेट वापरू नका, पूलमधून (पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या कनेक्शनच्या साठ्यातून) कनेक्शन येत असेल तर ती वाढीव सेटिंग तशीच राहून पुढच्या कोणाच्या तरी हातात जाऊ शकते. मायएसक्यूएलमध्ये सॉर्ट_बफर_साइझ आणि जॉइन_बफर_साइझची हीच गत, डीफॉल्ट फक्त २५६ केबी आहे, कुठलं तरी ट्युनिंग वाचून लोक तिथे ६४ एमबी लिहितात आणि ते प्रत्येक सेशनला, जॉइन बफर तर एकाच क्वेरीत अनेक वेळा लागू शकतो, हे लक्षात घेत नाहीत.

यादीत एकच प्रोसेस फुगलेली असेल तर

मग वर्क_मेमच्या मागे लागू नका, या गोष्टी बघा.

इन्सर्टमध्ये किंवा इनच्या कंसात लाखो व्हॅल्यू चिकटवल्यात का? क्वेरी पार्स करायला लागणाऱ्या मेमरीला वर्क_मेमचा लगामच नसतो. कॉपी कमांड वापरा, किंवा व्हॅल्यू टेम्प टेबलमध्ये भरा आणि जॉइन करा.

एकाच फटक्यात कोटभर रो डिलीट करताय आणि दुसऱ्या टेबलांच्या फॉरेन की त्या टेबलकडे बोट दाखवतायत? प्रत्येक रोची, प्रत्येक फॉरेन कीच्या तपासणीची नोंद स्टेटमेंट संपेपर्यंत मेमरीत साठत राहते, ती डिस्कवर जात नाही. एक नोंद अगदी लहान असते, पण कोटभर रो गुणिले सहा-सात टेबलं म्हटल्यावर बघता बघता एक जीबीच्या आसपास जाते, आणि कॅस्केड (जोडलेल्या रो आपोआप डिलीट होणं) असेल तर खालच्या टेबलांच्या रो अजून वेगळ्या. प्रायमरी कीच्या रेंजने दहा-दहा हजार घेऊन दर वेळी कमिट करा, ऑफसेट लावून नको, तो प्रत्येक वेळी आधीच्या रो परत मोजत बसतो.

मोठा डेटा भरल्यावर ॲनलाइझ (टेबलची आकडेवारी ताजी करणं) केलं होतं का? नसेल तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) हजार रो समजून हॅश बांधायला घेतो आणि येतात दोन कोटी. जुन्या व्हर्जनवर तर अजून धोका, १३ च्या आधी हॅश ॲग्रिगेटला (हॅशने केलेल्या ग्रुपिंगला) डिस्कवर सांडायची, म्हणजे मेमरी पुरली नाही की उरलेलं टेम्प फाइलमध्ये लिहायची, सोयच नव्हती.

आणि यादीत फुगलेली प्रोसेस पोस्टग्रेसची नसून तुमच्याच पायथन किंवा जावा स्क्रिप्टची असू शकते हो. ड्रायव्हर बहुतेक वेळा अख्खा रिझल्ट आधी स्वतःकडे ओढून घेतो आणि मग तुम्हाला एकेक रो देतो. स्क्रिप्ट डेटाबेसच्याच मशीनवर चालत असेल तर मेमरी खाल्ली स्क्रिप्टने आणि मेला डेटाबेस, असंही होतं. सर्व्हर साइड कर्सर (रो थोड्या थोड्या करून आणणारा) वापरा, जेडीबीसीत (जावाच्या ड्रायव्हरमध्ये) फेच साइझ द्या आणि ऑटो कमिट बंद करा, ते चालू असेल तर पोस्टग्रेसचा ड्रायव्हर फेच साइझकडे लक्षच देत नाही. मायएसक्यूएलच्या क्लायंटला याच कामासाठी --क्विक आहे.

मरायच्या आधी पकडायचं कसं

व्हर्जन १४ पासून पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन आहे, पीआयडी दिला की ती प्रोसेस स्वतःची मेमरी कुठे कुठे गेलीय ते लॉगमध्ये लिहून टाकते. टॉप कमांडमधल्या आरईएसची (प्रोसेसने व्यापलेल्या रॅमची) बेरीज मात्र करू नका, शेअर्ड बफर्स प्रत्येक प्रोसेसमध्ये परत परत मोजले जातात आणि बेरीज रॅमच्याही वर जाते. सोबत लॉग_टेम्प_फाइल्स शून्य करून ठेवा, म्हणजे कुठली क्वेरी डिस्कवर सांडतेय ते दिसतं. टेम्प फाइल दिसली की घाबरून वर्क_मेम वाढवायची सवय सोडा, क्वेरी हळू चालेल पण सर्व्हर जिवंत राहील.

डेटाबेससाठीच मशीन असेल तर व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी (असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची का, ही कर्नलची सेटिंग) २ करायचा विचार करा. मग कर्नल मेमरी द्यायलाच नाही म्हणतो, जास्त मागणारी क्वेरी एरर देऊन पडते आणि बाकीचे चालू राहतात. फक्त ओव्हरकमिट_रेशो (लिमिटसाठी रॅमचे किती टक्के धरायचे तो आकडा) तसाच ठेवू नका, डीफॉल्ट ५० आहे, ३२ जीबीच्या मशीनला स्वॅप नसेल तर लिमिट साधारण १६ जीबीवरच येते आणि भलत्याच क्वेरी पडायला लागतात.

आम्ही शेवटी ग्लोबल वर्क_मेम १६ एमबी केलं, बॅचच्या जॉबला सेट लोकलने ६४, त्यांचे पॅरलल वर्कर शून्य, आणि सहाऐवजी एका वेळी दोनच क्वेरी. हिशोब, ६४ ची दुप्पट गुणिले तीन हॅश म्हणजे ३८४ एमबी, गुणिले दोन क्वेरी, पाऊण जीबी. बॅचला आता चाळीस मिनिटं जास्त लागतात, लॉगमध्ये टेम्प फाइल्स दिसतात आणि रॅम ३२ च आहे.