केस नोट लिहिताना हात अडतोय? समुपदेशकांनो, या चुका टाळा

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. २२-२३ वर्षांची एक मुलगी तिसऱ्या सेशनला आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, इथलं इथेच राहील ना?" मी म्हटलं, "अगदी. या खोलीबाहेर एक शब्द जाणार नाही." तिनं पर्सची चेन उघडली आणि जमवून ठेवलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. त्या संध्याकाळी तिच्या मोठ्या बहिणीला फोन करावाच लागला. तिच्या समोरच बसून केला. फोन ठेवला तेव्हा ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. "तुम्ही शब्द दिला होतात," एवढंच म्हणाली.

तो फोन आजही मी केलाच असता. चूक झाली ती "अगदी" म्हणताना. गोपनीयतेच्या मर्यादा संमतीपत्रात छापलेल्या होत्या, खाली तिची सहीही होती. पण ते कागद आम्ही दोघींनी कधी एकत्र वाचलेच नव्हते. ती पुढच्या आठवड्यात आली, पण पुन्हा मोकळं बोलायला तिला बरेच दिवस लागले.

म्हणून पहिली चूक हीच सांगते: सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं धरून चालणं. मर्यादा तोंडानं सांगायच्या, पहिल्याच सेशनला, साध्या शब्दांत. मी आता असं म्हणते: "तुम्ही इथे बोलाल ते माझ्यापाशी राहतं. पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तुमच्याकडून दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा एखाद्या लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही. कोर्टानं माहिती मागितली तर काय करायचं, तेही आपण आज बोलून घेऊ. माझ्या कामाबद्दल मी सुपरव्हायझरशी, म्हणजे माझं काम बघणाऱ्या अनुभवी समुपदेशकाशी बोलते, तुमचं नाव न सांगता. आणि कुणाला कळवायची वेळ आलीच, तर शक्यतो आधी तुम्हाला सांगेन." मग विचारते, "यातलं तुम्हाला काय समजलं, ते मला सांगाल?" पाच मिनिटं जातात. जाऊ द्यावीत. "इथलं इथेच राहील ना" हा प्रश्न पुढे कधीही आला, तरी आधी या मर्यादांची आठवण करून द्यायची, मगच ऐकायचं.

या बाबतीत तारासॉफ खटल्याचं नाव जगभर शिकवलं जातं. १९६९ साली कॅलिफोर्नियात तातियाना तारासॉफ या विद्यार्थिनीचा खून झाला. खून करणाऱ्या तरुणानं आपला इरादा आधी त्याच्या मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडून दिलं. तातियानाला मात्र कुणीच सावध केलं नाही. १९७६ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. बरेच जण यातून एवढाच धडा घेतात की पोलिसांना कळवलं की आपलं काम संपलं. खटल्यात तर नेमकं तेवढंच केलं होतं. शिवाय हा निकाल सगळीकडे लागू नाही. प्रत्येक देशाचा, अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचे अपवाद दिलेले आहेत, आणि पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. समुपदेशकही त्यातून सुटत नाही. आपण जिथे काम करतो तिथला नियम आधीच वाचून ठेवावा. क्लायंट समोर बसलेला असताना तो शोधायला वेळ नसतो.

दुसरी चूक पाटीवरची. मराठीत "मानसोपचारतज्ज्ञ" म्हटलं की लोकांना औषध लिहून देणारा डॉक्टर वाटतो. समुपदेशनाची पदविका घेतलेल्या माणसानं तो शब्द लावला, तर आपल्याला काय मिळणार आहे याबद्दल येणाऱ्याची पहिल्याच पायरीवर फसगत होते. तुमच्या मनात तसं नसलं तरी होते. पदवी, नोंदणी आणि सर्टिफिकेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी म्हणजे तुम्ही शिकलात. नोंदणी किंवा परवाना म्हणजे कायद्यानं नेमलेल्या संस्थेनं तुम्हाला काम करायची मुभा दिली, आणि तुमच्याविरुद्ध तक्रार घेऊन लोक तिच्याकडे जाऊ शकतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट यातलं काहीच देत नाही. कोणत्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, हेही जागोजागी बदलतं. ब्रिटनमध्ये "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही, पण "काउन्सेलर" कुणीही लावू शकतं. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. अमेरिकेत समुपदेशकांच्या परवान्याचा पहिला कायदा १९७६ साली व्हर्जिनियानं केला, आणि सगळ्यात शेवटी, २००९ साली, कॅलिफोर्नियानं.

उपाय सोपा आहे. पाटी, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टाग्रामचा बायो आणि संमतीपत्र समोरासमोर ठेवा. चारही ठिकाणी एकच पदनाम आणि एकच पात्रता दिसली पाहिजे. अजून सुपरव्हिजनखाली काम करत असाल तर तेही लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही.

ऑनलाइन सेशनमध्ये हीच चूक वेगळ्या रूपात होते. अनेक ठिकाणचा कायदा क्लायंट कुठे बसलाय ते बघतो. वर्षभर तुमच्याकडे येणारा मुलगा शिकायला परदेशी गेला आणि "चालू ठेवू या ना" म्हणाला, की आपण सवयीनं हो म्हणतो. आधी तिथला नियम तपासा. परवानगी नसेल तर तिथल्या कुणाकडे नीट सोपवून द्या. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला "आत्ता कुठून बोलताय?" हे विचारून लिहून ठेवा. एखाद्या दिवशी मदत पाठवायची वेळ आली तर तोच पत्ता लागतो.

तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात: समुपदेशक आणि क्लायंट यांच्या नात्यातली सीमा हळूहळू सरकणं. नैतिकतेच्या वर्गात आपण लैंगिक संबंधांबद्दल शिकतो. नियम स्पष्ट आहे: चालू क्लायंटशी कदापि नाही. थेरपी संपल्यावरही अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनची संहिता शेवटच्या भेटीपासून किमान ५ वर्षं मनाई करते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संहिता किमान २ वर्षं म्हणते, आणि त्यानंतरही अगदी अपवादात्मक परिस्थितीतच. हे सगळ्यांना पाठ असतं. पण सुरुवात तिथून होत नाही. सेशन ५० मिनिटांचं ७० मिनिटं होतं, कारण "आज ती फार हळवी होती". मग रात्री अकराला आलेल्या मेसेजला उत्तर जातं. मग फी राहू द्या म्हणतो. मग एखादा क्लायंट अकाउंटंट आहे म्हणून आपलं रिटर्न भरून देतो. प्रत्येक पाऊल माणुसकीचं वाटतं आणि प्रत्येकाला कारण तयार असतं.

१९९३ साली गुथाइल आणि गॅबर्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी सीमा ओलांडणं आणि सीमाभंग यांत फरक केला, तो इथे फार उपयोगी पडतो. सीमा ओलांडणं दर वेळी वाईट नसतं. आई वारलेल्या क्लायंटला सांत्वनाचा फोन करणं उपचाराचा भाग असू शकतं. सीमाभंगात क्लायंटचं नुकसान होतं. दोन्ही ओळखायची माझी पद्धत एकच आहे. केलेली गोष्ट त्या दिवशीच्या केस नोटमध्ये, म्हणजे सेशनच्या लेखी नोंदीत, जशीच्या तशी लिहायची: "सेशन २० मिनिटं लांबलं, कारण अमुक. पुढच्या वेळी वेळेबद्दल बोलायचं." हे सहज लिहून झालं तर बहुतेक ठीक असतं. हात अडला, "एवढं काय लिहायचं" असं मनात आलं, तर त्याच आठवड्यात सुपरव्हायझरला सांगायची ती गोष्ट हीच. स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा: हे मी माझ्या सगळ्या क्लायंटसाठी करेन का? एकासाठीच करत असू, तर त्या एकाबद्दल आपल्या मनात काय चाललंय ते उलगडायला हवं.

लहान गावात किंवा छोट्या समाजगटात दुहेरी नातं टळतच नाही. क्लायंट तुमच्या मुलाची शिक्षिका निघते. अशा वेळी लपवाछपवी करण्यापेक्षा पहिल्याच सेशनला बोलून घ्या: बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करेन, इथला विषय बाहेर काढणार नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी दोन गोष्टी. क्लायंटकडून अभिप्राय मागून तो जाहिरातीला वापरू नका. तुमच्यावर विसंबलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. आणि जे शिकलेला नाहीत ते घेऊ नका. खाण्याचे गंभीर विकार, मनोविकृतीची लक्षणं, व्यसनमुक्ती यांत "बघू या, जमेल" म्हणण्यात क्लायंटचे महिने जातात. रेफर करताना नुसता नंबर हातात देऊ नका, पहिली भेट होईपर्यंत संपर्कात राहा.

चूक होऊन गेली असेल तर? होते. मेसेज चुकीच्या क्लायंटला जातो, बोलू नये ते बोलून जातो. अशा वेळी पहिली ऊर्मी असते जुनी नोट उघडून दुरुस्त करायची. ती कधीही करू नका. जुनी नोंद तशीच राहू द्या, खाली आजच्या तारखेनं पुरवणी जोडा. बदललेली नोट पुढे उघडकीला आली, तर मूळ चुकीपेक्षा तीच जड ठरते. त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन करा. क्लायंटला सांगण्याजोगी गोष्ट असेल तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच सांगा, शेवटच्या पाच मिनिटांत नाही, म्हणजे राग व्यक्त करायला त्याला जागा राहते. स्वतःची बाजू मांडायची घाई करू नका. तक्रार कुठे करता येते हे त्यानं विचारलं, तर पत्ता लिहून द्या.

त्या मुलीच्या फाइलमध्ये माझी पुरवणी अजून आहे: "पहिल्या सेशनमध्ये गोपनीयतेच्या मर्यादा तोंडी सांगितल्या नव्हत्या. आज सांगितल्या. क्लायंट म्हणाली, 'हे आधी कळलं असतं, तरी मी सांगितलंच असतं. पण तुम्हाला विचारून सांगितलं असतं.' सुपरव्हिजनमध्ये चर्चा केली. पुढचं सेशन गुरुवारी."