रुग्ण अंगावर धावून येतो तेव्हा : वॉर्डातल्या या चुका टाळा

पाय मोडला म्हणून दाखल झालेला, दोन दिवस मुकाट पडून असलेला माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपटतो, भिंतीवर किडे फिरताहेत म्हणतो आणि जवळ गेलेल्या सिस्टरवर आयव्ही स्टँड उगारतो. ऑर्थोच्या (हाडांच्या) वॉर्डात हे नवीन नाही. पण चूक त्या रात्रीची नसते, दाखल करतानाची असते. ‘दारू घेता का?’ असं बायकोमुलांसमोर विचारलं, तो ‘कधीतरी’ म्हणाला आणि केसपेपरवर तेच उतरलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण ४८ ते ९६ तासांत असा भ्रम होऊ शकतो. म्हणून एकट्याला गाठून विचारा : रोज किती, आणि शेवटची कधी? उत्तर हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना, तोंडी सांगा, नुसतं लिहून ठेवू नका. हात थरथरताहेत, घाम फुटलाय, नाडी जोरात आहे, झोप उडालीय, एवढं दिसलं तर निवासी डॉक्टरांना संध्याकाळीच बोलवा.

‘नाटकं करतोय’ किंवा ‘पिऊन आलाय’ म्हणून मोकळं होणं ही दुसरी चूक. साखर उतरलेला मधुमेहीसुद्धा शिव्या देतो, हात उचलतो. ऑक्सिजन कमी, डोक्याला मार, सोडियम घसरलेलं, म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग, कारण काहीही निघू शकतं. आधी ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर लावा, मग मत बनवा. कॅज्युअल्टीतल्या दंग्यावर ग्लुकोमीटरच्या पट्टीइतका स्वस्त इलाज मला तरी ठाऊक नाही. आणि दारू तुटलेल्याला नुसतं हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं इंजेक्शन टोचून गप्प करण्याची घाई नको, त्याने फिट येण्याचा धोका वाढतो. तिथे मुख्य औषध लोराझेपामच्या जातीचं, सोबत थायमिन (जीवनसत्त्व बी१), अर्थात डॉक्टरांच्या ऑर्डरनेच.

१० मे २०२३ च्या पहाटे केरळातल्या कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात पोलिसांनी एका जखमी माणसाला आणलं. तो आरोपी म्हणून आलेला नव्हता. ड्रेसिंग करताना तो बिथरला, तिथलीच कात्री त्याच्या हाती लागली आणि ड्यूटीवरच्या डॉ. वंदना दास यांचा जीव गेला. सोबत पोलीस आहेत म्हणजे आपण सुरक्षित, हे गृहीत धरू नका. ड्रेसिंगची ट्रॉली त्याच्या हाताला लागेल अशी उभी करू नका. लागेल तेवढंच काढा, बाकी कात्र्या-ब्लेड लांब ठेवा. स्वतः दाराच्या बाजूला राहा, पण त्याचीही वाट अडवू नका. गळ्यातला स्टेथोस्कोप, आयकार्डाची दोरी, ओढणी आधी काढून ठेवा. दोन हातांचं अंतर ठेवून जरा तिरकं उभं राहा.

रुग्ण बिथरला की पाच जण एकदम ओरडतात, नातेवाईक मोबाइल काढतात. बोलायचं एकानेच, छोट्या वाक्यांत : ‘काका, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. पाणी देऊ का?’ त्याच्या विश्वासाचा एक माणूस जवळ ठेवा, बाकीच्यांना बाहेर काढा.

‘मामा, बांधा त्याला’ म्हणून एकट्या मामांना (वॉर्डबॉयला) पुढे करणं तर सर्रास चालतं. धरायचंच झालं तर पाच जण लागतात : हातापायाला एकेक आणि डोक्यापाशी एक. पालथं पाडून पाठीवर बसू नका, श्वास कोंडून माणूस दगावतो. बांधल्यावर बोटांचा रंग, नाडी, श्वास पुन्हा पुन्हा पाहा आणि वेळ टाकून लिहा. मनोरुग्णालयांना आणि मानसोपचार वॉर्डांना २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू आहे. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून बांधणं त्याला मान्य नाही. साखळी तर कुठल्याच कारणाने नाही.

झटापट मिटली की ‘जाऊ दे, पेशंट आहे’ म्हणून नोंदच होत नाही. भ्रमातल्या रुग्णावर गुन्हा घालावा असं मी म्हणत नाही, पण घटनेचा अहवाल हवाच, नाहीतर पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. शुद्धीतल्या नातेवाइकाने हात टाकला तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ च्या केंद्राच्या सूचनेनुसार ६ तासांत संस्थेतर्फे एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे, मार खाल्लेल्या सिस्टरची नाही.

चावा बसून रक्त निघालं किंवा झटापटीत सुई टोचली, तर पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं; ड्यूटी संपायची वाट पाहू नका.